चिंचेचा बुडखा आणि महाराजांची पाठ

सीना नदीच्या काठी कुसळगाव नावाचं गाव. तिथून दोन कोसांवर माळावर खापरनाथ महाराजांचा मठ होता. मठ कसला, चार मेढी आणि वर पाचटाचं छप्पर! महाराज फुटक्या खापरात भिक्षा घेत, म्हणून लोकांनीच त्यांना ते नाव दिलं. खरं नाव कुणी विचारलं नाही आणि महाराजांनीही सांगितलं नाही. पण साध्याभोळ्या माणसांवर त्यांचा भारी जीव! तिमाप्पा वडारी हा त्यांच्या अशाच भोळ्या भक्तांपैकी एक.

तिमाप्पाचं काम दगडमातीचं. विहिरी खणायच्या, घरांचे पाये घ्यायचे आणि तोडलेल्या झाडांचे बुडखे काढायचे. झाड पाडायला दहा जण पुढे येतात हो, पण बुडखा काढायचा म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवतात! तिमाप्पाची रीत मात्र ठरलेली होती. आदल्या दिवशी तो बुडख्याला हळदकुंकू वाहायचा, हात जोडून म्हणायचा, "पोटासाठी करतोय, राग धरू नगंस," आणि भोवतालची माती भिजवून ठेवायचा. मग गोल चर घेऊन एकेक मूळ शेवटापर्यंत उघडं करायचं आणि तेव्हाच तोडायचं. सगळ्यात शेवटी खालचं सोटमूळ. खड्डा भरतानाही मुरूम थराथराने टाकून धुमसाने ठोकायचा. पहारीच्या प्रत्येक घावाला तोंडात नाव एकच, "जय खापरनाथ!" एका बुडख्याला आठ दिवस लागले तरी गडी घाई करायचा नाही.

गावात शेषराव म्हणजे बडं प्रस्थ. मोठं घर, जरीचा फेटा, आणि बोलणं असं की समोरच्याने मान खाली घालूनच उभं राहावं. त्यांची लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी शेषरावांनी अंगणातली जुनी चिंच सहा महिन्यांपूर्वीच तोडून तिच्या कडेला नवी खोली बांधली. खोली झाली, चिंच गेली, बुडखा तेवढा अंगणात तसाच राहिला. सुभद्रेला मुलगी झाली, बारसं तोंडावर आलं, आणि मांडव घालायला हा बुडखा आडवा! बारशाला पाच दिवस राहिले तेव्हा कुठे शेषरावांना तिमाप्पाची आठवण झाली.

दोन दिवस तिमाप्पा राबला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला मांडीएवढं जाड एक मूळ लागलं. त्याचा माग काढत तो गेला, तर ते मूळ थेट नव्या खोलीच्या भिंतीखाली शिरलेलं! तिमाप्पाने पहार खाली ठेवली. हात जोडून तो शेषरावांपुढे उभा राहिला.

"मालक, ह्यो बुडखा घाईनं काढायचा न्हाई. मूळ पायाखाली गेलंय. बैलं लावून वढलं तर भित हलंल. आन जाळायचं तर नावच काढू नका. मूळ वाळल्यालं हाय, आतल्या आत धुमसत जाईल. आठ दीस द्या मला."

"आठ दिवस?" शेषराव कडाडले. "बारसं काय तुझ्या अंगणात करू? एक बुडखा काढायचा तर ह्याचं हळदकुंकू, ह्याचा नमस्कार, ह्याचा जप! अरे, तुझा तो खापरवाला एवढा थोर असेल, तर सांग त्याला, मार म्हणावं फुंकर आणि उडव बुडखा!"

ओसरीवरची माणसं खो खो हसली. शेषरावांना आणखी चेव आला. त्यांनी तिमाप्पाची पहार उचलून फाटकाबाहेर भिरकावली. "चल, नीघ! पुन्हा ह्या अंगणात पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन."

तिमाप्पाने पहार उचलली, डोळे पुसले आणि निघून गेला. इकडे शेषरावांनी लगेच गवऱ्या रचल्या, वर रॉकेल ओतलं आणि बुडखा पेटवून दिला. दोन दिवसांत त्याची राख झाली. गड्यांनी खड्ड्यात माती लोटली, वरून शेणसडा घातला, झालं अंगण साफ! "बघा, आठ दिवसांचं काम दोन दिवसांत!" म्हणून शेषराव येईल त्याला मिशीला पीळ देत दाखवत सुटले.

पण विस्तव कुठे विझला होता? तो जाड मुळाच्या पोटात शिरला होता आणि इंचाइंचाने खोलीकडे सरकत होता. बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी जमीन कोमट लागली. तिने बोलूनही दाखवलं. पण बाळंतिणीची खोली ती! खाटेखाली शेकायची शेगडी, कोपऱ्यात ओव्याची धुरी. जमीन ऊन लागायचीच आणि धूर यायचाच. "शेगडीची ऊब गं ती," म्हणून बायकांनी तिला गप्प केलं. कुणाच्या मनात शंका म्हणून आली नाही.

बारशाचा दिवस गुरुवारचा. दर गुरुवारी तिमाप्पा मठात जायचा, तसा त्या दिवशीही गेला. पायांवर डोकं ठेवलं आणि त्याला हुंदका फुटला. "महाराज, मला बोलले त्याचं काय न्हाई वो. पण त्यांनी तुम्हाला नावं ठिवली. आन बुडखा जाळला म्हनं! लई जीव घाबरा झालाय माझा."

महाराज म्हणाले, "तिमा, बाळंतिणीची खोली कुठल्या अंगाला आहे?"

"त्या मुळावरच हाय, महाराज."

"मग वेड्या, रडत इथे काय बसलास? ऊठ! पहार घे आणि पळ. लेकराचं तू बघ, भिंतीचं मी बघतो."

तंगडं मोडण्याची धमकी तिमाप्पाच्या लक्षातही राहिली नाही. दोन कोस तो ऊर फुटेस्तोवर धावला. शेषरावांच्या दारी मांडव पडला होता, सनई वाजत होती, पाहुणे जमले होते. तिमाप्पा तडक भिंतीकडे गेला आणि पायाजवळ तळहात टेकला. चटका बसला! दगडांच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघत होती.

"मालक, बाळंतिणीला भाईर काढा! खाली जाळ हाय!"

शेषरावांचा राग मस्तकात गेला. "शुभकार्यात अभद्र बोलतोस? आणि पहार घेऊन? धरा रे ह्याला!"

दोन गडी पुढे झाले. आणि त्याच क्षणी जमिनीतून कडाड असा आवाज आला. जळून पोकळ झालेलं मूळ बसलं, त्याच्यावरचा पाया खचला, आणि बघता बघता नव्या खोलीची आख्खी भिंत आतल्या बाजूला कलली! चौकट वाकली, दार घट्ट अडकलं. बायका पाळणा सजवायला माजघरात गेल्या होत्या. आत सुभद्रा एकटी, आणि कुशीत बारा दिवसांचं लेकरू!

"आबा!" आतून तिची किंकाळी आली. "आबा, भिंत पडतीय!"

शेषराव ओरडले, "दार फोडा रे!" दाराला धक्का मारायला गडी धावले, तर तिमाप्पा गरजला, "दाराला हात लावू नका! हादरा बसला तर समदं आत कोसळंल!" आयुष्यात ज्याने कुणाला आवाज चढवला नव्हता, त्याच्या त्या गर्जनेने गडी जागच्या जागी थांबले.

तो मागच्या अंगाला गेला. तिथली भिंत अजून सरळ उभी होती. "जय खापरनाथ!" म्हणून त्याने दोन दगडांच्या सांध्यात पहार घातली. एक दगड काढला. वरचा हलला नाही. दुसरा काढला, तिसरा काढला. ज्या हाताने मुळं उघडी केली होती, त्याच शांत हाताने तो भिंत उसवत होता. लोक मात्र कललेल्या भिंतीकडे श्वास रोखून बघत होते. काय सांगावं! तिच्याखाली पाया उरला नव्हता, वर छपराचा भार होता. ती केव्हाच पडायला हवी होती. पण बाहेरून ढिगाने माती ढासळत असताना ती भिंत अधांतरी उभी होती. कुणीतरी आतून पाठ लावून धरली होती जणू!

अर्ध्या घटकेत माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. तिमाप्पा आत शिरला. लेकराला त्याने बाहेर दिलं, सुभद्रेला हाताला धरून काढलं आणि स्वतःचा दुसरा पाय बाहेर टाकला मात्र, धडाऽड! भिंत आणि छप्पर खाली आलं, धुळीने मांडव भरून गेला. धूळ बसली तेव्हा बाळ रडत होतं, ठणठणीत! सुभद्रेच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

शेषरावांनी नातीला छातीशी धरलं. मग लेक म्हणाली, "आबा, आत एक म्हातारे बाबा होते. भिंतीला पाठ लावून उभे होते. मला म्हणाले, भिऊ नकोस पोरी, तिमा येतोय."

शेषरावांनी तिमाप्पाकडे पाहिलं. तिमाप्पा ढसाढसा रडत होता. "त्येच ते, मालक! माझं महाराज!"

शेषराव तसेच मठाकडे धावले. तिथे भक्तमंडळी घाबरून बसली होती. त्यांनी सांगितलं की तिमाप्पा पळाला आणि काही वेळाने महाराज एकाएकी उठले. मागे काही नसताना पाठ टेकवावी तसे वाकून उभे राहिले. अंगावरून घामाच्या धारा लागल्या, पाय घोट्यापर्यंत मातीत रुतले. कुणी सावरायला गेलं तर म्हणाले, "शिवू नका रे, भिंत आहे." मग एकदम हसून म्हणाले, "आली पोर बाहेर!" आणि मटकन खाली बसले.

शेषराव महाराजांच्या मागच्या बाजूला गेले आणि बघतात तो काय! महाराजांची सगळी पाठ सोलवटलेली, आणि तिच्यावर नव्या खोलीच्या चुन्याचा पांढरा लेप, घामाने ओला, ताजा! फेटा काढून शेषरावांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"शेषराव, मी नुसता उभा होतो. राबला तो तिमा. नमस्कार करायचा तर तिथे करा. आणि लवकर जा, नातीचं बारसं खोळंबलंय."

शेषराव परतले. तिमाप्पा कुठे होता? बक्षीस मागत दारात? नाही! तो अंगणातला खड्डा पुन्हा खणून छातीएवढा आत उतरला होता. जळतं मूळ तोडून, वर पाणी ओतून, राहिलेल्या मुळांच्या मागे लागला होता. कुणी थांब म्हटलं तर म्हणत होता, "एक बी ठिवून चालायचं न्हाई."

सगळा गाव खड्ड्याच्या काठावर उभा होता. शेषराव आले आणि थबकले. तिमाप्पाचे पाय खड्ड्याच्या तळाशी होते. पाया पडायचं तर खाली उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मालक, नगा, कापडं खराब हुतील!" तिमाप्पा ओरडला.

पण शेषराव उतरले. बारशाचं रेशमी धोतर, नवाकोरा सदरा, तशाच वेषात राखेच्या चिखलात गुडघे टेकले आणि तिमाप्पाच्या मातीने भरलेल्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. "चुकलो रे तिमाप्पा, चुकलो," एवढंच त्यांना बोलता आलं. मग डोळे पुसून त्यांनी घमेलं ओढलं, मातीने भरलं आणि आपल्या हातांनी काठावर चढवलं. वरून कुणीतरी घसा ताणून आरोळी दिली, आणि आख्खं कुसळगाव एका तोंडाने गरजलं, "खापरनाथ महाराज की जय!"