गौरीचं ताट आणि दहावीची खोली

दहावीतला मल्हार वक्तृत्व स्पर्धेची ढाल जिंकून आला, तेव्हापासून घरात त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. गौरीजेवणाच्या दिवशी त्याच्या आईनं, वसुधानं, नैवेद्याचं ताट उचललं आणि यानं तिला वाटेतच अडवलं.

"गेल्या वर्षी मी मोजल्या होत्या. पाच पुरणपोळ्या ठेवल्यास, पाचच्या पाच परत आल्या. समोर ठेवलेल्याला जो हातसुद्धा लावत नाही, त्याच्यापुढे मांडायचंच कशाला? ताट मला दे!"

बाबा आढ्याकडे बघत राहिले. वसुधाला मात्र हसू आलं.

"अगदी पटलं बघ," म्हणत तिनं ताट त्याच्या हातात दिलं, पदर खोचला आणि सासऱ्यांना हाक मारली, "अण्णा, दहावीसाठी म्हणून यानं घेतलेली तुमची खोली परत घ्या. जूनपासून तिथे टेबल, दिवा, पुस्तकं सगळं मांडून ठेवलंय. कशाला कुणाचा हात लागलेला नाही."

अण्णा उशी बगलेत मारून निघालेसुद्धा!

ढाल जिंकलेल्या वक्त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "आई, ताटाखाली पाण्याचं मंडल आधी काढायचं ना?"