रिकामं पान

“बाबा, गोसाव्याला कसलं आलंय सुतक?”

केदारगीर बाबांची जटा गेली होती. दाढी, मिशा, सगळं सफाचट. तुळतुळीत डोक्याचे बाबा यशोधनला भलत्याच कुणासारखे दिसले. संन्यास घेताना ज्यानं स्वतःचंच श्राद्ध उरकलं, त्याचं आता मेलंय तरी कोण?

बाबा उठले. देवराईतल्या पाषाणाकडे चालू लागले.

यशोधन मागोमाग निघाला. प्राणिशास्त्र शिकून तो आजच परतला होता. शिकून ये, देवराई तुझ्या हाती सोपवतो, असा बाबांचा शब्द होता, आणि त्या एका शब्दासाठी गडी इतकी वर्षं जीव टाकत होता.

भर दुपारी रानात एक पाखरू बोलत नव्हतं. पाषाणावर पळसाची तीन पानं मांडलेली. दोहोंवर भाताचे पिंड, तिसरं रिकामं. वर फांदीवर एकटा कावळा.

“हा खवले मांजराचा. हा गिधाडाचा. इथली शेवटची होती, यंदा दोघंही गेली...” बाबा म्हणाले. “सांग, यांचं नातं काय?”

हात्तिच्या! परीक्षाच घेताहेत की! यशोधनला हायसं वाटलं.

“काडीचं नाही, बाबा. नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हेच. सस्तन प्राणी, बिळात राहणार, मुंग्या-वाळवी खाणार. जगाच्या यादीत संकटग्रस्त. गिधाड पडला पक्षी, घारी-गरुडांच्या कुळातला, घरटं कड्यावर. तो तर अतिसंकटग्रस्त. वर्ग वेगळा, गण वेगळा, कूळ वेगळं.”

“कूळ वेगळं...”

“अगदी वेगळं.”

“मग यांचं सुतक कुणी धरायचं?”

यशोधनची नजर रिकाम्या पानावर गेली. “आणि... ते तिसरं पान कुणाचं?”

बाबांनी वर फांदीकडे पाहिलं. कावळ्याला हाक घातली.

कावळा उतरला. या पिंडाला शिवला नाही, त्या पिंडाला शिवला नाही. टुणटुणत रिकाम्या पानावर जाऊन बसला आणि यशोधनकडे बघत राहिला. हलेना, की ओरडेना.

यशोधन दोन पावलं मागे सरला.

“हाकला त्याला, बाबा! असा काय बघतोय माझ्याकडे?”

स्वतःची जटा उतरवलेला वस्तरा कमरेतून काढून बाबांनी त्याच्यापुढे ठेवला.

“तुझं कूळ कोणतं, ते विचारतोय.”