वेशीवरचा ओटा आणि साळूआक्काची भाकरी

विषय : बोरखिंडी गावच्या वेशीवरील दगडी ओट्यास कै. हैबती चौगुला यांचे नाव देण्याबाबत.
संदर्भ : त्यांच्या वंशजांचा चालू अर्ज, आणि त्याआधीचे अर्ज.

वरील विषय समजून घ्यायचा तर फार मागं जावं लागतं. पाटलाच्या शब्दावर गाव उठायचं आणि चौगुल्याच्या शब्दावर बसायचं, तेव्हाची ही गोष्ट.

बोरखिंडीत चाल अशी होती की तव्यावरची पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. ती ज्यानं त्यानं आपल्या उंबऱ्याबाहेर ठेवायची. कुत्र्याला आपलं दार माहीत होतं आणि दाराला आपलं कुत्रं.

पाटलाचा उजवा हात हैबती चौगुला. त्याला शिस्तीची भारी आवड. एकदा मामलेदार यायचे होते. दारोदार शेपट्या हलताहेत हे काही त्याला शोभेना. त्यानं वेशीवर ओटा बांधला आणि दवंडी दिली : दिवस मावळताना सगळ्या घरांची शेवटची भाकरी एकाच ठिकाणी, ओट्यावर. मामलेदार म्हणाले, "वा, चौगुले! शिस्त असावी तर अशी." हे वाक्य हैबतीनं पुढं इतक्यांदा सांगितलं की मामलेदारांनाही ते इतकं आठवत नसेल.

झालं असं, की आधी कुत्र्यांना दारं होती, आता सगळ्यांना मिळून एक ओटा उरला. दांडगी कुत्री खाऊ लागली, बाकीची चावायला शिकली. मग त्यांची टोळी झाली. हातात गाठोडं घेऊन वेशीतून कोणी आलं की टोळी धावे. तांबोळ्याच्या नातीचा दंड फाडला, तेव्हा बायका नदीवर जायच्या बंद झाल्या. बाजाराला येणारे व्यापारी खिंडीतूनच माघारी वळू लागले. हैबतीचा निष्कर्ष एकच : कुत्र्यांना वळण नाही. तो काठी वाढवत गेला, कुत्री दात.

गावात गोधड्या शिवणारी साळूआक्का होती. एका पायानं अधू. वेशीपर्यंत चालवेना, म्हणून ती दवंडीनंतरही भाकरी आपल्याच दाराशी ठेवी. टोळीतली सगळ्यात खुनशी एककानी काळी तिच्या दाराशी येऊन निजू लागली. त्या गल्लीत टोळी पाय ठेवीना. काळी नुसती मान उचले आणि वाघसुद्धा वाट बदले, असं म्हणतात. लेखी काही नाही.

मग पूर्वेला जायचं असो की पश्चिमेला, गाव आक्काच्या गल्लीतून जाऊ लागलं. पूर्वी अडलं की लोक म्हणत, "चौगुल्यांना विचारा." आता म्हणू लागले, "आक्काला विचारा." हैबतीच्या पोटात दुखू लागलं. ओव्याच्या अर्कानं थांबेल, असलं ते दुखणं नव्हतं.

एक दिवस त्याची बायकोच म्हणाली, "आक्काच्या गल्लीतून आले. काही त्रास नाही, बाई."

"तू पण?"

"मग काय तुमच्या शिस्तीतून येऊ? पोटऱ्या माझ्या आहेत."

तो तडक आक्काच्या दारी गेला. ती गोधडीला टाके घालत होती. "आक्का, हुकूम सगळ्यांना सारखा. भाकरी ओट्यावर."

"तुमचा पाय द्या, येते."

"कुत्री तुझं ऐकतात कशी? मंत्र कोणता?"

"ऐकतात कुठं? खातात."

"मंत्र सांग."

"भाकरी, चौगुले. जोंधळ्याची."

हैबतीला खात्री पटली की बाई मंत्र लपवते आहे. त्यानं त्याहून मोठा मंत्र योजला. बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, मटणाच्या रश्श्यात भिजवलेल्या भाकरींची पाटी डोक्यावर घेऊन तो ओट्यावर चढला. आज एककानीनं आक्काला सोडून आपल्या पायाशी लोळावं, एवढीच त्याची इच्छा होती. एककानी आलीही. पण सगळी टोळी घेऊन आली.

भाकरी क्षणात संपल्या. रस्सा मात्र हैबतीच्या धोतरावर ओघळला होता.

लोक भिंतींवर चढले. कोणी ओरडलं, "चौगुले, शिस्त लावा त्यांना!" दुसरा म्हणाला, "आक्काला बोलवू का?"

"नको!" एक जोडा गेला.

"आता?"

"नको म्हणतो ना!" पागोटं गेलं.

मग एककानीनं धोतराचा सोगा धरला. हैबतीला आयुष्यात जड गेलेला शब्द तो एकच. "बोलवा!"

निरोप गेला. आक्का म्हणाली, "मी लंगडत येईपर्यंत त्यांचं काय उरेल? बायांनो, आपापल्या घरी जा. तवा ठेवा. आणि आपल्या कुत्र्याला जुन्या नावानं हाक मारा."

घराघरांतून धूर निघाला. "मोत्या, ये रे!" "चांदे, कुठं गं हिंडतेस?" टोळीचे कान उभे राहिले. एकेक कुत्रं ओट्याखालून निघालं आणि विसरलेल्या दाराकडं पळालं. शेवटी एककानीनं सोगा सोडला. वेस इतकी शांत झाली की हैबतीचे दात वाजताना नदीपलीकडं ऐकू आले, असं म्हणतात. लेखी काही नाही.

सगळं गाव घरी भाकरी करायला गेलं, त्यामुळं चौगुल्याला खाली उतरा म्हणायला कोणी उरलं नाही. तो दिवेलागणीपर्यंत ओट्यावरच उभा होता.

आक्का गेली, तेव्हा गावची सगळी कुत्री तिरडीपुढं रांगेनं चालली. कोणी भुंकलं नाही. तेव्हापासून बोरखिंडीत कुत्रं चावत नाही, असं म्हणतात. मध्यंतरी एकाला चावलं, पण ते परगावचं होतं, असा खुलासा केला जातो.

आजही तिथं शेवटच्या भाकरीला 'आक्काची' म्हणतात. ती आपल्याच दाराशी ठेवायची, दोन घरांची एकत्र करायची नाही. नवी सून आली की माप ओलांडण्याआधी दारच्या कुत्र्याला तिच्या हातून भाकरी मिळते.

हैबतीनंही म्हातारपणी आपल्या दाराशी आक्काची भाकरी ठेवली. एककानीचं पिल्लू येई. ते खात असताना तो विचारी, "तिच्या दारची गोड होती का रे?" पिल्लू खात राही. आपण ओटा बांधलाच नसता तर आक्काला कोणी ओळखलं असतं का, हा त्याचा सवाल मात्र अजून कोणाला खोडता आलेला नाही. त्याच्या वंशजांच्या अर्जात तोच मुद्दा प्रथम आहे.

अर्ज ग्रामसभेपुढं ठेवला होता. नावाची पाटी लावण्याआधी ओटा रिकामा करून घ्यावा, असं ठरलं. ओट्यावर कुत्री निजतात. त्यांना उठवायला कोणी पुढं आलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.