मिरची गेली कुठे?

१२ फेब्रुवारी. ऊन कडक, वारा कोरडा. त्या सकाळी जमनाबाई गावित आपल्या बचत गटाने शिवलेले तीनपदरी मास्क घेऊन नंदुरबारच्या एका मिरची कांडप कारखान्यात गेली. ऑर्डर मिळाली नाही, तर गटाची सहा शिलाई मशीन बंद पडणार होती.

मालक कांतिलालशेठ यांनी तिचा मास्क उजेडाकडे धरला आणि ते हसले. "बाई, हे तर चहा गाळायचं फडकं! माझा बघा, ताडपत्रीसारखा जाड. यातून मुंगीसुद्धा शिरायची नाही."

"मग दोघंही आपापला लावून कांडपाच्या खोलीत उभे राहू, शेठ."

दहा मिनिटांनी दोघे बाहेर आले. जमनाबाईचा मास्क बाहेरून लालभडक, शेठचा जवळजवळ कोरा! कामगार गोंधळले. सगळ्यांत जास्त गोंधळली जमनाबाईच. मधला पदर तिने स्वतः पारखून घातला होता. मग हे असं कसं झालं?

"बघितलंत?" शेठ मास्कआडून गरजले. "माझ्यावर एक कणही बसला नाही. तुमचा बिचारा मिरचीत न्हाला!"

जमनाबाईने दोन्ही मास्क पुन्हा पुन्हा न्याहाळले. मग हळूच विचारलं, "शेठ, आत मिरची दोघांवर सारखीच उडाली. माझी या कापडात अडकली. तुमची गेली कुठे?"

शेठनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शिंकांवर शिंका सुरू झाल्या. मास्क उतरवला, तर गालांवर लाल पट्टे आणि मिशाही लाल. जाड कापडातून श्वास जाईना, म्हणून हवा कडेच्या फटींतून मिरचीला सोबत घेऊनच आत शिरली होती.

शेठ एकवीस वेळा शिंकले. त्याच दिवशी गटाला दोनशे चाळीस मास्कची ऑर्डर मिळाली.