मेंढरू झालेला वीर

एका मोबाईलमध्ये एक गाव होतं. हो, मोबाईलमध्येच. हसायचं काम नाही. पूर्वी गोष्टीतली गावं जंगलापलीकडं असायची. आता जंगलं तोडली, मग गावानं बिचाऱ्यानं जायचं कुठं? ते काचेच्या आत जाऊन बसलं.

त्या गावाच्या कडेला एक कुरण होतं आणि कुरणात मेंढरं होती.

खेळ होता लढाईचा. लोकांना तो इतका आवडला, की त्याचे एकामागून एक भाग निघाले. पहिल्या भागात मेंढरांना काम असं काही नव्हतंच. कुरण ओकंबोकं दिसू नये म्हणून उभी केलेली. चरायचं आणि मधूनमधून बें करायचं. दुसऱ्या भागात कुणी मागायला आलं तर लोकर द्यायची. इथवर बरं चाललं होतं. तिसरा भाग करताना मात्र कुणा रिकामटेकड्याला शक्कल सुचली. मेंढराला काठीनं टोचलं की ते बें करणार. पुन्हा टोचलं की मोठ्यानं बें करणार. आणि टोचतच राहिलं, तर फुगत फुगत जाऊन फट्ट! नुसता लोकरीचा धुरळा. लगेच कुंपणापाशी दुसरं मेंढरू हजर.

यात फायदा काय? काही नाही. सोनं मिळत नाही, तलवार मिळत नाही. नुसती गंमत. आणि लोकांना सगळ्या लढाईपेक्षा हीच गंमत जास्त आवडली.

तेव्हापासून त्या कुरणात कुणाला घास गोड लागला नाही. तोंड गवतात, पण एक कान वाटेकडं. वाटेवर बूट वाजले की चघळणं थांबायचं. आज कुणाचा नंबर? माझा? का शेजारणीचा? आणि शेजारणीचा लागला की आपला टळला म्हणून बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून परत वाईट वाटायचं. असलं जगणं.

आता त्या खेळात एक वीर होता. अंगात चिलखत, मिशा अशा पिळदार की त्यांना टोपी अडकवावी. पण हा वीर आपल्या मनानं चालायचा नाही. काचेपलीकडून एक बोट यायचं. बोट म्हणेल तिकडं वीर. इकडं दाबलं की उडी, तिकडं दाबलं की तलवार. लढाई जिंकली की आपण पेढे वाटतो, तसं हे बोट वीराला हमखास कुरणाकडं न्यायचं आणि दोनचार मेंढरं फोडायचं. वीर पोट धरधरून हसायचा. टोचायला बोट लागायचं. हसायला नाही. हसणं त्याचं स्वतःचं होतं.

एक दिवस वीराची गाठ पडली चेटकिणीशी. मोठी कजाग बाई. वीर तीन जीव घेऊन लढायला आला होता, त्यातले दोन तिनं सकाळीच घेतले. उरला एक. तोही गेला की हा वीर संपला. बोट दुसरा वीर उचलणार आणि खेळ पुढं चालू.

वीरानं तलवार उगारली. चेटकीण म्हणाली, "छू!"

झालं. तलवार खाली पडली. चिलखत खाली पडलं. आणि मधोमध एक मेंढरू उभं.

वरून बोट दाबायला लागलं. इकडं दाबतंय, तिकडं दाबतंय, काही उपयोग नाही. मेंढरावर बोटाची सत्ता चालत नव्हती. जन्मात पहिल्यांदा वीराला स्वतःच ठरवायची वेळ आली होती की आता करायचं काय.

चेटकीण हसली. "हा मंत्र फार वेळ टिकत नाही रे राजा. पण मेंढरू मारायला वेळ लागतो किती?"

वीरानं ठरवलं. पळायचं!

आता दोन पायांची सवय, त्याला एकदम चार मिळाले. कुठला आधी टाकायचा? पुढचे दोन थांबले आणि मागचे दोन त्यांच्या पुढं निघाले. गडी कोलांट्या खात खात गेला तो थेट कुरणात.

ऊन मी म्हणत होतं. भर दुपारी मेंढरं काय करतात, बघितलंय कधी? गोल करून उभी राहतात आणि आपलं डोकं दुसऱ्याच्या पोटाखाली घालतात. कुरणात झाड नसलं तरी पोटाखाली सावली असतेच. तशी ती उभी होती.

"सरका! सरका! मला आत घ्या!" वीर ओरडला.

एडक्यानं डोकं बाहेर काढलं. एडका म्हणजे त्या कळपातला थोराड नर, शिंगं वळलेली. "कोण रं तू?"

"मी या राज्याचा रक्षक! शत्रूंचा कर्दनकाळ! मी..."

"आवाज वळखीचा वाटतोय," एडका म्हणाला. "जरा हसून दाखव बरं."

वीराला हसू येईना. त्याला सगळं आठवलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

एक कोकरू पुढं आलं. त्यानं वीराच्या पायाचा वास घेतला आणि विचारलं, "काल माझ्या आईला फट्ट केलं ते तूच ना?"

"अरे, पण ती परत येते की!" वीर घाईघाईनं म्हणाला. "फट्ट झाली की लगेच कुंपणापाशी येते. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तिला काही होत नाही."

कळपात काळ्या तोंडाची एक म्हातारी मेंढी होती, तिनं कुंपणाकडं मान केली. तिथं एक मेंढी एकटीच उभी होती.

"ती बघ. तशीच दिसती. कोकरू गेलं हुतं तिच्याकडं. वास घेतला आन परत आलं. दुसरीच हाय ती."

वीर बघतच राहिला. इतकी मेंढरं फोडली, पण नवीन येतं ते कोण असतं, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. आणि मग त्याच्या मनात आलं, की मी मेलो तरी असंच होईल. दुसरा वीर येईल. मिशा अशाच असतील. बोटाला फरकसुद्धा कळणार नाही.

वाटेवर खडावा वाजल्या. चेटकीण येत होती.

"ह्याला भाईर काढा," एडका म्हणाला. "ह्याच्यापायी ती आपल्यावर येईल."

"ऊन लई पडलंय," काळतोंडी म्हणाली.

"मग?"

"मग त्यालाबी लागत आसंल की. ये रं. घाल डोकं."

एडका फुरफुरला, पण एक पाऊल सरकला. वीर जवळ गेला आणि थबकला. "पोटाखाली? इथं लेंड्यांचा वास येतोय."

"मग भाईर उभा राहा बाबा," काळतोंडी म्हणाली. "तिथं वारं छान हाय."

वीरानं गपकन डोकं खाली घातलं.

आत अंधार. लोकर तोंडात जातेय, नाकात जातेय. आणि सगळीकडून धडधड धडधड ऐकू येतंय. वीराला वाटलं आपलंच काळीज. मग कळलं, सगळ्यांचंच तसं वाजतंय. तो यायचा तेव्हाही असंच वाजत असणार. वरून काय ऐकू येणार?

चेटकीण आली आणि बघते तर नुसत्या पाठी आणि शेपट्या. तोंड एकाचंही दिसेना. ती गोल फिरली.

"अहो शूरवीर! वर बघा जरा. मेंढीच्या पोटाखाली लपलात होय? मिशांची तरी लाज ठेवायची!"

वीराची मान रागानं ताठ झाली. वर होणार एवढ्यात काळतोंडी हळूच म्हणाली, "हलू नगंस. मिशा हायत कुठं आता तुला?"

वीराची मान परत खाली गेली.

चेटकिणीनं जरा विचार केला आणि काठी सरळ धरली. "बरं. मेंढरू टोचलं की फुटतं. माणसाचं केलेलं मेंढरू काही फुटत नाही. एकेक फोडत जाते. जे फुटणार नाही, तो वीर."

आणि तिनं पहिली टोचली ती काळतोंडीलाच.

"बें," काळतोंडी म्हणाली.

पुन्हा टोचली. "बेंऽ!"

वीराचं डोकं तिच्याच पोटाखाली होतं. ते पोट त्याला फुगताना जाणवलं. आधी मऊ होतं, मग घट्ट झालं, मग हलगीच्या चामड्यासारखं ताणलं. लोकर त्याच्या डोळ्यांवर दाबली जायला लागली. आणखी एक टोच. म्हातारी जागची हलली नाही. इतकं फुगल्यावर पुढं फार टोचावं लागत नाही, हे वीराइतकं कुणाला ठाऊक असणार?

गप्प राहिलं तर? मंत्र कधीही उतरेल. कदाचित आत्ता उतरेल. ही फुटली तर कुंपणापाशी दुसरी येईल. तशीच दिसणारी. शेवटचा जीव आहे. गप्प राहावं. एवढाच तर वेळ.

चेटकिणीनं काठी परत उचलली.

वीरानं डोकं बाहेर काढलं. "थांब! मी इथं आहे!" असं तो गर्जला. चेटकिणीला ऐकू आलं ते "बेंऽऽऽ!"

आणि मान खाली घालून तो सरळ चेटकिणीच्या अंगावर धावला.

चेटकीण खूश. "आला!" तिनं काठी फिरवून त्याच्यावर रोखली. एका मेंढराला एक काठी पुष्कळ झाली. पण ती बाई जन्मात कधी मेंढरांमागं फिरली नव्हती, तिथं चुकली. एक मेंढरू पळालं की सगळी पळतात. पुढचा कुठं निघालाय, का निघालाय, विचारायची पद्धतच नाही. वीर सुटला तसा एडका सुटला, एडक्यामागं सगळा कळप, आणि फुगून टम्म झालेली काळतोंडीसुद्धा चेंडूसारखी उड्या मारत मागं.

काठी रोखायची कुणावर? चेटकीण इकडं बघते, तिकडं बघते, तेवढ्यात सगळी लोकर तिच्या अंगावरून गेली. ती कुरणाच्या उतारावरून गडगडत खालच्या नदीत पडली. तिच्याकडं काही तीन जीव नव्हते. बुडबुडे आले आणि संपलं.

कळप उतारावर धापा टाकत थांबला. काळतोंडीची हवा निघायला लागली. आवाज कसा आला ते सांगत नाही, पोरं उगाच दात काढतील.

वीराच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही माझ्यासाठी लढलात!"

"कोण लढलं?" एडका म्हणाला. "तू पळालास, आमी पळालो. हिरीत उडी घातली आसतीस तर हिरीत पडलो आसतो. जरा बघून पळत जा की मर्दा!"

वीर हसला नाही. तो कोकराकडं वळला. कळपात सगळ्यात मागं ते उभं होतं. तो त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "बाळा, तुझ्या आईला मी गंमत म्हणून मारलं. चुकलं माझं."

कोकरानं मान वर केली. ते काहीतरी सांगायला लागलं.

आणि नेमका तेव्हाच मंत्र उतरला. वीर दोन पायांवर उभा राहिला, अंगावर चिलखत आलं, ओठावर मिशा आल्या. समोर कोकरू म्हणत होतं, "बें. बें बें. बेंऽ."

"काय? काय म्हणालास?" वीर गुडघ्यावर बसला. "परत सांग!"

"बें."

एवढंच. कोकरू काय म्हणालं, ते त्याला कधीच कळलं नाही.

मग वरून बोट आलं. लढाई जिंकलेली, बोट एकदम खुशीत. त्यानं वीराला उठवलं, त्याच्या हातात काठी दिली आणि त्याला काळतोंडीसमोर नेऊन उभं केलं. सगळ्या कळपाचं चघळणं थांबलं.

बोटानं दाबलं. वीराचा हात उचलला नाही.

पुन्हा दाबलं. हात उचलला नाही. बोट टकटक टकटक दाबतंय, काच फुटायची वेळ आली, पण वीर दगडासारखा उभा. कपाळावर घाम आलाय, मुठीत काठी आवळलीय, पण हात वर जात नाही.

काचेपलीकडून आवाज आला, "आईऽ! मोबाईल हँग झाला!"

मोबाईल बंद करून चालू केला. वीर तसाच. परत बंद केला, परत चालू केला. तसाच. शेवटी बोट कंटाळलं आणि त्यानं वीराला डोंगराकडं पळवलं. तिकडं मात्र गडी वाऱ्यासारखा पळाला.

तेव्हापासून असंच आहे. सगळा खेळ नीट चालतो, कुरणापाशी तेवढा अडकतो. तुमचाही कधी अडकला तर दुकानदाराशी भांडू नका. आत कुणीतरी जोर लावून हात खाली धरलेला असतो.

कोकरू मात्र त्याच्याजवळ कधी आलं नाही. बोट कुरणापाशी आणायचं तेव्हा वीर कुंपणाबाहेरून हाक मारायचा, तरी ते यायचं नाही. का यावं? मेंढरं अजूनही एक कान वाटेकडं ठेवूनच चरतात. आता चौथा भाग निघणार आहे म्हणतात, आणि त्यात मेंढरांना काय काम दिलंय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

तात्पर्य पाहिजेच असेल तर हे घ्या: जे मुकाट्यानं सोसतं त्याला गंमत म्हणून टोचू नये; आणि टोचलंच असेल, तर उत्तर कळतंय तोवर माफी मागून घ्यावी.