उंदरांची बाजरी

"आई, मी त्यांना एक दिवस उपाशी ठेवलं नाही. मग हे मेले कसे?"

मुकुंदा मठाच्या ओट्याखाली मरून पडलेले उंदीर फावड्याने खड्ड्यात लोटत होता आणि रडत होता.

माळावरच्या या रानउंदरांवर त्याचा भारी जीव. जीव होता तशी ऐटही होती. रोज सकाळी ओट्याशी बाजरी टाकायची, आणि चारी बाजूंनी उंदीर धावत आले की दर्शनाला आलेल्या मंडळींकडे हळूच बघून घ्यायचं. केवढी ही भूतदया, असं कुणी म्हटलं की स्वारी दिवसभर खूश.

उन्हाळ्यात उंदरांत रोग शिरला. सगळ्यांची बिळं ओट्याभोवतीच, एकाला एक खेटून. याच्या अंगावरच्या पिसवा त्याच्या अंगावर जायला कितीसा वेळ लागणार?

म्हाताऱ्या आनंदाई, मुकुंदाच्या गुरू, टोपलीतली बाजरी निरखत बसल्या होत्या.

"चांगली टपोरी आहे रे. कुठली?"

"आपल्याच माळावरची. सगळं गवत काढून मी स्वतः नांगरला की."

"कुणासाठी?"

"यांच्यासाठीच."

"आणि त्या गवतात आधी कोण राहत होतं?"

मुकुंदाने खड्ड्यातल्या उंदरांकडे पाहिलं.

आनंदाई उठल्या. कोपऱ्यातला लाकडी नांगर ओढत ओढत मागच्या दारी नेला आणि सरपणात टाकला.

"आई, मग ते खातील काय?"

"मी काय उंदीर आहे, मला विचारतोस?"

त्या पावसाळ्यात माळ पेरला नाही. गवत गुडघ्याला लागलं. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मुकुंदा धापा टाकत मठात आला.

"आई, आहेत. पार ओढ्यापर्यंत बिळं आहेत, तोंडाशी ताजी माती. एक इथे तर दुसरं कुठल्या कुठे. मेलेला एकही दिसला नाही."

आनंदाईंनी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मुकुंदालाही हसू आवरेना. मग तो जरा घुटमळला.

"फक्त... मी इतक्या हाका मारल्या, ओट्याकडे कुणी फिरकलं नाही. कणगीतली बाजरी तशीच पडून आहे. मला विसरले वाटतं."

आनंदाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदराने पुसलं.

"मग ती दळून आण," त्या म्हणाल्या. "आज भाकऱ्या करू."