खड्ड्यातच राहिलेला योसेफ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, पण लहानांना शिकवणाऱ्यांनी जरा कान देऊन ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. अर्धं गाव शेतकऱ्यांचं, अर्धं मेंढपाळांचं. शेतकरी बारा महिने घरी असत. मेंढपाळ मात्र पावसाळ्यापुरतेच गावात राहत. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यांवर लादून, मेंढ्या हाकत ते खालच्या मुलखात चराईला निघत, ते पुढच्या पावसाच्या तोंडावर परतत.

गावात ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं प्रार्थनामंदिर होतं. दर रविवारी तिथे मुलांचा आणि तरुणांचा वर्ग भरे. आईबापही मागे येऊन बसत. गोष्ट ऐकायला वयाची अट नसते.

आधीचे शिक्षक मनाला येईल ती गोष्ट सांगत. त्यांना लढायांची फार आवड. त्यामुळे गल्याथ नावाचा धिप्पाड योद्धा बिचारा गोफणीच्या दगडानं वर्षातून कितीदा तरी मरे, आणि नोहाचं तारू मात्र कुणी बांधायलाच घेत नसे. मुलांना गोफण छान फिरवता यायची, बाकी शास्त्राच्या नावानं आनंद होता.

मग नवे गुरुजी आले. गुरुजी शिस्तीचे होते. वर्गाबाहेरच्या मुलांच्या चपलासुद्धा ते आकाराप्रमाणे लावून ठेवत.

"आज हे, उद्या ते, अशानं पोरांच्या डोक्यात शास्त्राची खिचडी होते," ते म्हणाले. "जगाच्या उत्पत्तीपासून सुरू करू आणि शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकाला, प्रकटीकरणाला संपवू. रविवारमागून रविवार, पायरी-पायरीनं."

त्यांनी भिंतीला चुना दिला आणि त्यावर गेरूनं वर्षभराच्या रविवारांची घरं आखली. प्रत्येक घरात एक पाठ. वर्षाचा आरंभ त्यांनी पावसाळ्यात ठेवला, कारण तेव्हा वर्ग भरलेला असे. हे काम त्यांनी मन लावून केलं होतं, आणि मी त्याला हसणार नाही. हसावं असं त्यात काही नव्हतं.

पावसाळ्यात वर्ग गच्च भरे. जग उत्पन्न होई, पूर येई, आब्राहाम आपला देश सोडून निघे, याकोबाचं घर मुलांनी भरे. आणि मग येई याकोबाचा मुलगा योसेफ. मेंढपाळांच्या मुलांचा तो सगळ्यात लाडका. का नसेल? तोही मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातला, त्याचेही भाऊ कुरणं शोधत हिंडणारे. बापानं एकट्या योसेफाला सुंदर झगा दिला, भावांच्या पोटात दुखू लागलं, त्यांनी त्याला धरून कोरड्या खड्ड्यात टाकलं आणि व्यापाऱ्यांना विकलं. खड्ड्याशेजारी बसून ते भाकरी खाऊ लागले, हे ऐकताना तर मुलं तोंडातले चिंचोकेसुद्धा चघळायची थांबत.

"फुडं काय झालं, गुरुजी?" मुलं विचारत.

"ते पुढच्या रविवारी," गुरुजी सांगत.

आणि पुढच्या रविवारी ती मुलं वाटेवर असत. त्यांचं निघणं आणि योसेफाचं खड्ड्यात पडणं दरवर्षी एकाच आठवड्यात येई. ती परतत, तेव्हा भिंतीवर पुन्हा पहिलं घर उजाडलेलं असे आणि पुन्हा जग उत्पन्न होत असे.

एकदा मंडळीतले एक म्हातारे वडीलधारे गुरुजींना म्हणाले, "मेंढपाळांच्या लेकरांना पुढचं कधी सांगणार?"

"क्रम एकदा मोडला की सगळं वर्ष मोडतं," गुरुजी म्हणाले. "जे थांबतात, त्यांना मिळतं."

इतकी नेटकी भिंत समोर असताना तिच्याशी वाद कोण घालणार?

अशी बरीच वर्षं गेली. त्या वर्गात बसून गेलेले दोन भाऊ एव्हाना जाणते झाले होते. थोरला अंगानं दणकट, धाकटा मायाळू. मेंढ्या धाकट्याच्या एका हाकेवर यायच्या, आणि थोरला घसा कोरडा करून ओरडला तरी ढुंकून बघायच्या नाहीत. हे थोरल्याला सलत असे.

एका हिवाळ्यात वाटेवर धाकट्याला ताप भरला. आई बिऱ्हाडाच्या घोड्यांबरोबर पुढे गेली होती. मागे मेंढ्यांसोबत दोघे भाऊच. पुढच्या कुरणावर दुसरे कळप आधी पोचतील, ही थोरल्याला धास्ती. त्यानं भावाला एका नदीकाठच्या गावात, परक्याच्या ओसरीवर निजवलं आणि म्हणाला, "दोन दिसांत माघारी येतो."

तो आला नाही. आईला त्यानं सांगितलं, "धाकटा एका माळ्याकडं कामाला ऱ्हायलाय. यील सवडीनं." त्यानंतर दरवर्षी तो ते गाव टाळून लांबच्या वाटेनं कळप नेऊ लागला. आई म्हणे, "त्या नदीवरनं जाऊ या की रं एकदा." तो म्हणे, "तिकडं गवत न्हाई."

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले आणि गाव रिकामं होऊ लागलं. वर्ग ओस पडला. गुरुजी काही रविवार रिकाम्या चटयांपुढे उभे राहिले, भिंतीवरचा पाठ वाचून दाखवत राहिले. शेवटी त्यांनीही पडशी भरली आणि थोरल्याच्या बिऱ्हाडाबरोबर खाली निघाले. इतक्या वर्षांत मेंढपाळांच्या वाटेवर त्यांचं पाऊल प्रथमच पडत होतं.

थोरल्याच्या लांबच्या वाटेवर पाण्याचा टिपूस उरला नव्हता. मेंढ्या गुडघे टेकू लागल्या. थोरल्याची लहान मुलगी घोड्यावर मान टाकून पडली होती. नदीकाठच्या गावाची वाट तेवढी राहिली होती. थोरल्यानं निरुपायानं कळप तिकडे वळवला.

नदी कोरडी होती. पण काठावर एक हिरवा मळा होता, आणि मळ्यात पाण्यानं भरलेली विहीर. कुंपणाला काटेरी फाटक होतं. हाक मारल्यावर मळ्याचा मालक फाटकाशी आला.

तो धाकटा भाऊ होता.

ज्या ओसरीवर त्याला टाकलं होतं, त्या घरानं त्याला जगवलं, मळ्यावर ठेवलं आणि पुढे मुलगी दिली, मळाही दिला. त्यानं थोरल्याला ओळखलं, गुरुजींनाही ओळखलं. फाटकाच्या अडसरावर हात ठेवून तो नुसता उभा राहिला.

थोरला खाली बघत म्हणाला, "पोरगी तहानलीय."

"मलाबी तहान लागलेली तवा," धाकटा म्हणाला.

"चुकलो."

"चुकला न्हाईस. भाऊ असंच असत्यात. शास्त्रातबी तसंच लिवलंय. इचार गुरुजींना. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं आन् बसून भाकरी खाल्ली. मी तापात पडल्या पडल्या तेच आठवत व्हतो. म्हटलं, आपलंबी तसंच झालं, आता घरला जायाचं न्हाई."

गुरुजी पुढे झाले. "अरे, पण त्याच्या पुढचं?"

"फुडचं काय?" धाकटा म्हणाला. "तिथंच तर संपती गोष्ट. दरसाल तिथंच संपायची."

गुरुजींनी थोरल्याकडे पाहिलं. थोरलाही मान हलवत म्हणाला, "आमास्नी बी तेवढीच ठावं, गुरुजी. म्हणून तर मी माघारी फिरलो न्हाई. ते भाऊ तरी कुठं फिरले?"

भिंतीवरचं ते गेरूचं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली, मनापासून वाटली. त्या आठवड्याचा पाठ दुसराच होता, पण त्यांना तो आठवलाही नाही. ते तिथेच, फाटकापाशी, धुळीत बसले आणि राहिलेली गोष्ट सांगू लागले.

योसेफ मिसर देशात गेला, तुरुंगात पडला, तिथून वर आला, राजाच्या कोठारांचा कारभारी झाला. मग सगळ्या मुलखात दुष्काळ पडला. धान्यासाठी हिंडत हिंडत कोण आलं? तेच भाऊ. त्यांनी त्याला ओळखलं नाही, त्यानं मात्र ओळखलं. एक शब्द उच्चारला असता तर ते सगळे तुरुंगात गेले असते. त्यानं त्यांची परीक्षा पाहिली, कठोर बोलला, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन रडला. शेवटी त्याला राहवेना. त्यानं सांगून टाकलं, मीच तुमचा भाऊ. त्यानं त्यांना जवळ घेतलं, धान्य दिलं, राहायला जागा दिली. आणि सगळ्यात आधी विचारलं, माझा बाप अजून जिवंत आहे का?

गुरुजी थांबले. मेंढ्या धापा टाकत होत्या.

धाकट्यानं अडसर काढला. तो भावाच्या गळ्यात पडला नाही. त्यानं आधी मुलीला घोड्यावरून उतरवलं, ओंजळीनं पाणी पाजलं, मग मेंढ्यांसाठी पाण्याची डोणी भरायला घेतली. थोरलाही निमूटपणे त्याच्याबरोबर पाणी शेंदू लागला. कळपाचं पाणी पिऊन झालं, तेव्हा कुठे धाकट्यानं विचारलं.

"आई हाय का?"

थोरल्यानं दोर खाली ठेवला. "गेल्या सालीच गेली. वाटंवरच. निस्तं तुझं नाव घेत व्हती. ह्याच वाटंनं जाऊ म्हणायची."

धाकटा विहिरीच्या कठड्यावर बसला. थोरला त्याच्या शेजारी बसला. दोघेही रडले. थोरल्याच्या पाठीवर धाकट्यानं हात ठेवला तो तेव्हा, पण ज्या माउलीनं तो पाहायला हवा होता, ती नव्हती.

थोड्या वेळानं धाकट्यानं डोळे पुसले आणि गुरुजींना विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं.

"गुरुजी, ही फुडची गोष्ट आईला ठावं व्हती का?"

गुरुजींना खोटं बोलता आलं नाही. "नाही," ते म्हणाले. "तीही तुमच्याबरोबरच निघायची."

पुढच्या वर्षी पाऊस पडला आणि गाव पुन्हा भरलं. गुरुजींनी भिंत चुन्यानं पुसून काढली. नवं वर्ष आखायला मात्र ते भिंतीपाशी बसले नाहीत. आधी मेंढवाड्यात जाऊन बसले. कळप कधी निघतात, कोकरं कधी होतात, कुठली मुलं मागे राहतात, हे त्यांनी घरोघर विचारलं. शेतकऱ्यांना विचारलं, सुगीत कुणाची पोरं राखणीला जातात. तरुणांना विचारलं, तुम्हाला कशाचं कोडं पडतं, रात्री कशानं झोप येत नाही. मग गेरू कालवला.

नव्या वर्षात पावसाळ्यात जी गोष्ट सुरू होई, ती पावसाळ्यातच पुरी होई. कळपांबरोबर जाणाऱ्या तरुणांना पुढचे पाठ आधीच शिकवले जात, म्हणजे मुक्कामावर ते लहान मुलांना सांगतील. काही घरं गुरुजींनी कोरीच ठेवली. त्या म्हाताऱ्या वडीलधाऱ्यांनी हसून विचारलं, "हे काय, पाठ संपले वाटतं?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "ज्याचं त्या आठवड्यात काही अडलं असेल, त्याच्यासाठी ते रविवार."

ती भिंत पहिलीइतकी देखणी दिसत नव्हती. रेघा जागोजाग वाकड्या होत्या. पण त्या गावातून पुढे कुठलंही लेकरू योसेफाला खड्ड्यात टाकून वाटेला लागलं नाही. त्या दोन भावांची मुलं दर हिवाळ्यात मळ्यावर एकत्र खेळत. त्यांच्या आजीला मात्र ते सुख मिळालं नाही, आणि गुरुजी ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

म्हणून शिकवणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं: पाठ शास्त्रातून घ्यावेत, पण वर्ष ऐकणाऱ्यांच्या पावलांनी मोजावं, कारण अर्धवट सांगितलेलं सत्य माणसाला अर्ध्या वाटेवरच सोडून देतं.